आधी सिंथ की आधी मॉनिटर?

घरी संगीत करायला लॅपटॉप आहे, पंचवीस कळांचा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपमधल्या वाद्यांना सूर कळवणारा) आहे, खोली दहा बाय दहा फुटांची आणि ओढ जुन्या ॲसिड हाउसची, म्हणजे पिळवटलेल्या बेसवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची. पुढची खरेदी हार्डवेअर सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारं वाद्य), मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) की भारी माइक, असं विचारलंय तुम्ही. माझं उत्तर: तूर्त तिन्ही नको. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे हेडफोन घ्या.

मॉनिटर का नको, तर खोलीमुळे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. तीन मीटरवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा सूर घुमतो. तुमची खोली चौकोनी, म्हणजे दोन्ही दिशांना तोच सूर, दुप्पट जोराने. किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस नेमके तिथेच राहतात. भिंतीला टेकून ऐकलंत तर नुसती धडधड आणि मधोमध बसलात तर बेस गायब. मग तुम्ही तो वाढवणार आणि दुसरीकडे वाजवला की सगळा चिखल. भिंतीवर चिकटवायचा पातळ फोम या पट्ट्यात काहीही करत नाही, दिसतो मात्र छान. कोपऱ्यांत आवाज शोषणारी जाडजूड रॉकवूल भरायची तयारी असेल तेव्हा मॉनिटरचं बोलू.

माइक फक्त गाणार असाल तरच. तोही डायनॅमिक, तोंडाजवळ धरून. कंडेन्सर, म्हणजे जास्त संवेदनशील माइक, पंख्याची घरघरही इमानेइतबारे टिपतो. गाताना मात्र क्लोज्ड-बॅक हेडफोन लावा, ओपन-बॅकमधला क्लिक (लयीचा टिकटिक ठोका) थेट माइकमध्ये जातो. रेकॉर्डिंग २४ बिटला करा आणि लेव्हलची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. लाल दिव्यापर्यंत ताणायची गरज टेपच्या जमान्याबरोबरच संपली.

आता सिंथ. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र बाजारात आलं १९८१ मध्ये, एकट्या वादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते सपशेल पडलं आणि १९८४ मध्ये बंद झालं. पुढे स्वस्तात हाती लागलेल्या या डब्यांची बटणं शिकागोतल्या पोरांनी वेडीवाकडी पिळली आणि ॲसिड हाउस जन्माला आलं. आणि आपले चरणजित सिंग! हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ मध्येच ३०३, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन रागांची अख्खी रेकॉर्ड केली. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा मात्र लोक चाट पडले. ती जरूर ऐका, आणि बेसच्या सुरांचं सरकणं मुद्दाम ऐका. ३०३ मध्ये स्लाइड लावली की एक सूर पुढच्यात घसरत जातो. मींडेच्या जवळ जाणारं यंत्रात एवढंच होतं, आणि तेवढं पुरलं.

हे तुमच्या सॉफ्टवेअर सिंथमध्ये आजच होईल. एक सॉ-टूथ ऑसिलेटर (करवती आकाराची मूळ लहर), मोनो मोड (एका वेळी एकच सूर), लो-पास फिल्टर (वरचे सूर कापणारा), रेझोनन्स (कापल्या जागी येणारी धार) पाऊण. एन्व्हलपचा (सूर कसा उठतो-विरतो ते ठरवणारा भाग) सस्टेन, म्हणजे टिकाव, शून्य, डिके, म्हणजे विरण्याचा वेळ, छोटा. सोळा पायऱ्यांचा पॅटर्न लिहा, त्यातले चार-पाच सूर लांबवून पुढच्या सुरावर किंचित चढू द्या आणि ग्लाइड (सुरांचं सरकणं) चालू करा. दोन-तीन सुरांची व्हेलॉसिटी (कळ दाबण्याचा जोर) वाढवून ती फिल्टरला जोडा, हाच ॲक्सेंट. फिल्टरनंतर थोडं डिस्टॉर्शन. मग पॅटर्न फिरत ठेवा आणि कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती जागा) माउसने रेघ ओढून नको, कीबोर्डवरच्या नॉबने हाताने हलवा. तुम्हाला हवा असलेला जिवंतपणा ९० टक्के त्या हातात आहे. हे करूनही महिनाभराने हार्डवेअरचा मोह सुटला नाही, तर एकच सिंथ घ्या, भरपूर नॉब असलेला आणि मेनू कमी असलेला.

बफरचंही विचारलं होतंत, म्हणजे लॅपटॉप आवाज किती तुकड्यांत हाताळतो आणि त्याने किती उशीर होतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सँपल म्हणजे एका बाजूने ५.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दहाच्या वर. बोटांना ते जाणवतं. वाजवताना १२८ ठेवा, मिक्स करताना १०२४.