पेन डिस्प्लेसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वाचक ताई नाशिकच्या सिडकोत राहतात, वय 26, सातपूरच्या कारखान्यात नोकरी. हातात पगार 27,000. त्यातले 12,000 घरी देतात, गाडीचा हप्ता 3,200 (अजून आठ बाकी), स्वतःचा खर्च 6,000. बँकेत 70,000 ची एफडी. टाकाने आणि काळ्या शाईने त्या कॉमिक्सचं इंकिंग करतात, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाईची पक्की रेघ ओढतात; आता ते डिजिटल शिकायचंय. 46,000 चा पेन डिस्प्ले, म्हणजे ज्याच्या पडद्यावरच पेनने चित्र काढता येतं तो स्क्रीन, क्रेडिट कार्डावर 12 महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यायचा आणि एफडी मोडून 24,000 चा ऑनलाइन कोर्स लावायचा, असा त्यांचा विचार आहे.

ताई, तुम्ही पाठवलेलं गोदेच्या पुराचं पान मी बराच वेळ पाहत होतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला वळसा घालणारं पाणी तुम्ही नुसत्या जाड-बारीक रेघांनी वाहतं केलंय. हा हात तुमच्याकडे आहे, म्हणून शिकायचं की नाही हा प्रश्नच नाही. शिकाच. प्रश्न आहे कोणत्या क्रमाने पैसे घालायचे, आणि तुमचा क्रम मला उलटा वाटतो.

आधी एफडी. घरचे, गाडीचे आणि तुमचे मिळून महिन्याला 21,200 लागतात. तीन महिन्यांचे झाले 63,600. म्हणजे ही 70,000 ची एफडी शिल्लक रक्कम नाही, नोकरीत खंड पडला तर घर चालवायची जेमतेम सोय आहे. त्यातून 24,000 काढले की दोन महिन्यांचंच बळ उरतं. एफडीला हात लावू नका.

'नो कॉस्ट'चं गणितही समजून घ्या. व्याज असतंच, फक्त तेवढी सूट किमतीत दाखवतात. 15 टक्के दर धरला तर 46,000 च्या व्यवहारात सुमारे 3,500 रुपये व्याज बसतं आणि कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, म्हणजे अंदाजे 635 रुपये. वर प्रोसेसिंग फी. ही रक्कम फार मोठी नाही. मला काळजी वेगळीच आहे: आज तुमच्याकडे महिन्याला 5,800 उरतात, 3,833 चा हप्ता सुरू झाला की दोन हजारही उरणार नाहीत. मग एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल थकलं, तर त्यावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं.

आता वस्तूकडे येऊ. पेन डिस्प्लेच्या आत कॉम्प्युटर नसतो, तो लॅपटॉपला जोडावा लागतो. तुमचा लॅपटॉप जुना आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्याला एचडीएमआय पोर्ट (बाहेरचा पडदा जोडायची खाच) नसेल, किंवा मोठ्या कॅनव्हासवर तो अडकायला लागला, तर लॅपटॉपचा खर्च वाढतो. तो तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

म्हणून माझं मत: या महिन्यात पाचेक हजारांचा बिनस्क्रीनचा टॅबलेट घ्या, म्हणजे लॅपटॉपला जोडायची पाटी; तिच्यावर पेन फिरवायचा आणि रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटते. पेनचा दाब ओळखणं हेच इंकिंगचं मर्म, आणि ते या किमतीतही मिळतं. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात रेघ सावरणारा स्टॅबिलायझर आहे, काढलेली रेघ नंतरही वळवता येईल असे व्हेक्टर लेयर आहेत. काळ्या-पांढऱ्या पानाची फाइल 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) ठेवा. आणि पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये टॅबलेटच्या लांबी-रुंदीचं प्रमाण स्क्रीनशी जुळवून घ्या, नाहीतर हाताने काढलेला गोल पडद्यावर अंडाकृती उमटतो आणि माणूस उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. हात खाली, नजर समोर, हे सुरुवातीला फार जड जातं. काही आठवडे चिडचिड होईल, ती धरून चाला. टाक सोडू नका. तुमची शाईची पानं स्कॅन करून त्यांवर डिजिटल रेघ गिरवणं हा उत्तम सराव आहे.

कोर्स तूर्त थांबवा. क्रिताची शिकवणी त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. ती संपवून नेमकं कुठे अडतंय हे कळलं, की तेवढ्यापुरतं शिकवणारा माणूस शोधा आणि फी महिन्याच्या महिन्याला द्या.

पुढच्या महिन्यापासून 5,000 ची नऊ महिन्यांची आरडी लावा. उरलेले 800 पेनच्या निबांना आणि किरकोळीला. निब झिजतात, बदलावी लागतात. आठ महिन्यांनी गाडीचा हप्ता सुटेल, त्याचे 3,200 तसेच बाजूला टाकत जा. दहाव्या महिन्याअखेर व्याज सोडून 51,400 जमतात. डिस्प्ले रोख घेता येईल, कार्डाला हात न लावता.

पण घेण्याआधी दोन गोष्टी झालेल्या असू द्या. एक, छोट्या टॅबलेटवर आठ पानांची एक पूर्ण गोष्ट इंक झालेली असावी. दुसरी, निदान एक काम पैसे देऊन कुणी करून घेतलेलं असावं. दिवाळी अंकांची चित्रं पावसाळ्यातच सांगितली जातात, तेव्हा नमुन्याची चार-पाच पानं जूनपर्यंत संपादकांकडे पोचवा आणि मानधन किती, कधी मिळणार, हे काम घेतानाच लेखी विचारा. ही दोन्ही झाली नसतील तर 51,400 रुपये बँकेतच राहू द्या, छोट्या टॅबलेटवर काम चालू ठेवा. झाली असतील, तर मनात कसलाही किंतू न ठेवता डिस्प्ले घ्या. त्याआधी तेवढा लॅपटॉपचा पोर्ट तपासून घ्या.