ॲम्पचं प्रशिक्षण घ्यावं का? आधी सही कोणाची ते समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून तुम्ही इंग्लंडला आलात, तीन वर्षं कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअरमध्ये काम केलंत. आता मॅनेजर म्हणतात की ॲप्रूव्हड मेंटल हेल्थ प्रोफेशनलचं, म्हणजे ज्याला आपण सगळे 'ॲम्प' म्हणतो त्याचं, प्रशिक्षण घ्या. मानसिक आजार असलेल्या माणसाला सक्तीनं हॉस्पिटलमध्ये ठेवायचं का, हे बघणारा तो ॲम्प. घरी आई म्हणते, लोकांना जबरदस्तीनं वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं काम कशाला घेतेस. आणि टीममधल्या कोणीतरी सांगितलंय की सगळं डॉक्टरांनी ठरवलेलंच असतं, ॲम्पनं फक्त कागद भरायचे.

मी 2010 पासून हे काम करते. माझं उत्तर 'घ्या' असं आहे. पण ते कागद भरण्याचं वाक्य डोक्यातून काढून टाकणार असाल तरच.

इथल्या 1983 च्या मेंटल हेल्थ ॲक्टमध्ये दोन डॉक्टर जे लिहून देतात ती शिफारस असते. माणसाला हॉस्पिटलमध्ये ठेवण्याचा अर्ज वेगळा. तो कायद्यानं 'जवळचा नातेवाईक' (नियरेस्ट रिलेटिव्ह) करू शकतो, पण प्रत्यक्षात जवळजवळ नेहमी ॲम्पच करतो. सेक्शन 13 सांगतं की ॲम्पनं त्या माणसाशी योग्य रीतीनं बोललं पाहिजे आणि सगळ्या परिस्थितीचा विचार करता हॉस्पिटलमध्ये ठेवणं हाच सर्वांत योग्य मार्ग आहे, अशी स्वतःची खात्री करून घेतली पाहिजे. स्वतःची. ॲप्रूव्हल कौन्सिल देते, पण काय ठरवायचं ते कौन्सिल सांगू शकत नाही, मॅनेजर नाही, कन्सल्टंटही नाही. दोन्ही शिफारशी हातात असल्या आणि तुम्हाला पटलं नाही, तर तुम्ही अर्ज करत नाही. 2008 पर्यंत हे काम फक्त सोशल वर्करच करत. त्या नोव्हेंबरपासून नर्स, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट यांनाही दार उघडलं, पण डॉक्टरांना नाही. आजाराच्या पलीकडचं घर, पैसा, नाती, भाषा हे सगळं बघणारं कोणीतरी त्या खोलीत हवं, म्हणून.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सत्तरीच्या आजी, मुलाकडे राहणाऱ्या. जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि सायकियाट्रिस्ट दोघांनी सेक्शन 2 ची शिफारस लिहिलेली, म्हणजे तपासणीसाठी जास्तीत जास्त 28 दिवस. नोंदीत होतं की शरीरात दुसरी व्यक्ती शिरते असा भ्रम आहे. आजी भारतीय, म्हणून फोनवर हिंदी दुभाषी दिलेला. आजींनी निम्मी उत्तरं मराठीत दिली होती आणि ती निम्मी कुठेच उतरलेली नव्हती.

मी गेले तेव्हा त्या किचनमध्ये रेडिएटरला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. ओट्यावर परातीत मळलेली कणीक, वरून सुकून तडे गेलेली. शेजारी दुसरी परात, तशीच. मग एक पातेलं, त्यातही कणीक. रात्रभर कोणासाठी तरी स्वयंपाकाची तयारी चाललेली होती.

मी मराठीत विचारलं, "आजी, अंगात कधीपासून येतं?"

"लग्नाच्या आधीपासून. नवरात्रात." गुडघे कधीपासून दुखतात हे सांगावं तितक्या सहज.

इथेच मी थांबले असते, तर मोठी चूक झाली असती. भाषा कळते या आनंदात माणूस घाईनं निष्कर्ष काढतो, की हा आजार नाही, ही तर आपल्याकडची रीत, डॉक्टरांना कळली नाही. मी पुढे विचारलं, "आणि आता?"

त्या बराच वेळ कणकेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूर्वी यायची आणि जायची. आता जात नाही."

अकरा रात्री झोप नव्हती. दोनदा पाहुण्यांना वाटेला लावायला म्हणून पहाटे मेन रोडपर्यंत चालत गेल्या होत्या. म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं कारण चुकलं होतं, पण आजार खरा होता. मग मी मराठी दुभाषी मागवला. मला मराठी येतं म्हणून असेसमेंटही मीच करायचं आणि दुभाषीही मीच व्हायचं, हे मला योग्य वाटत नाही. मुलाला किंवा सुनेला तर दुभाषी करूच नये. घरातलं काय सांगायचं आणि काय गाळायचं याचं ओझं त्यांच्यावर पडतं.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता: हॉस्पिटलच का? लेस्टरला राहणाऱ्या लेकीला कोणी फोनच केला नव्हता. मी केला. ती दोन आठवडे येऊन राहायला तयार झाली. क्रायसिस टीम, म्हणजे घरीच उपचार देणारं पथक, दिवसातून दोनदा येऊन समोर औषध देणार होती. जीपीला रक्त-लघवी तपासायला सांगितलं, कारण या वयात साधं इन्फेक्शनसुद्धा माणसाला असं भ्रमिष्ट करतं. आणि मी अर्ज केला नाही. सायकियाट्रिस्ट नाराज झाले. उद्या काही झालं तर, असं त्यांनी विचारलं. माझी कारणं मी रिपोर्टमध्ये सविस्तर लिहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सहाव्या दिवशी आजी गोळ्या थुंकायला लागल्या. दहाव्या दिवशी पुन्हा दोन डॉक्टर, पुन्हा पूर्ण असेसमेंट, आणि या वेळी सेक्शन 2 चा अर्ज मीच केला. पण आता त्यांना कळत होतं की कुठे आणि कशासाठी नेतायत. मुलगा त्यांचा नियरेस्ट रिलेटिव्ह होता. आईला सोडा असं लेखी सांगण्याचा त्याला हक्क आहे, हे मी त्याला समजावून सांगितलं. आजींना ट्रायब्युनलकडे, म्हणजे सुटकेचा निर्णय देणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, पहिल्या 14 दिवसांत दाद मागता येते, हे दुभाषामार्फत सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये लेक त्यांचा हात धरून बसली होती. पहिल्या दिवशी अर्ज न करणं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं.

'नियरेस्ट रिलेटिव्ह'बद्दल आत्ताच वाचून ठेवा, आपल्या लोकांच्या बाबतीत हे फार अडतं. सेक्शन 26 मध्ये ठरलेली यादी आहे आणि रुग्णाला स्वतःला निवडता येत नाही. शिवाय रुग्ण इथला रहिवासी असेल तर देशाबाहेर राहणारा नातेवाईक धरत नाहीत. इथे स्थायिक झालेल्या एका अविवाहित मुलाची आई नाशिकला होती, रोज दोनदा व्हिडिओ कॉल करणारी. इथे फक्त मामेभाऊ, आणि मामेभाऊ यादीत नाही. कायद्याच्या लेखी त्याला जवळचं कोणीच नव्हतं. मी त्याला विचारून आईला फोन केला, कारण त्याच्या आजाराची सुरुवात कशी होते हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. या कायद्याचा आढावा घेणाऱ्या, सायकियाट्रिस्ट सायमन वेसली यांच्या समितीनं 2018 मध्येच सुचवलं होतं की ही व्यक्ती रुग्णालाच निवडू द्या, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात ते होतं. भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क आधीच दिलेला आहे. या बाबतीत आपला कायदा पुढे होता, हे मी इथल्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते.

आता आईंचं म्हणणं. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा येरवडा किंवा ठाणे असेल, आणि त्यांची धास्ती मला मनापासून समजते. त्यांना एवढं सांगा की भारतात माणसाच्या मनाविरुद्ध भरती करायची तर अर्ज त्या प्रतिनिधीचा लागतो, आणि तो बहुतेक वेळा घरातलाच असतो. नंतर वर्षानुवर्षं 'तूच मला टाकलंस' हे त्यालाच ऐकावं लागतं. इथे ते ओझं ॲम्प उचलतो. कितीतरी बायकांना, आयांना मी दारातच सांगितलंय, "अर्ज मी करतेय, तुम्ही नाही." खांदे खाली येताना दिसतात.

बाकी रोजचं काम कंटाळवाणं आणि थकवणारं आहे. अर्ज ठरावीक हॉस्पिटलच्या नावानं असतो, त्यामुळे बेड मिळेपर्यंत तो पुराच होत नाही. बेड शोधायची जबाबदारी डॉक्टरांची, पण त्या घरात वाट बघत बसणारे तुम्ही. ॲम्ब्युलन्स चार-पाच तास येत नाही. दार उघडत नसतील तर मॅजिस्ट्रेटकडून सेक्शन 135 चं वॉरंट आणायचं, मग पोलीस, डॉक्टर आणि तुम्ही तिघंही हजर लागता, शिवाय कुलूपवाला. पोलिसांनी सेक्शन 136 खाली रस्त्यावरून वगैरे सुरक्षित जागी आणलेल्या माणसाच्या असेसमेंटसाठी 24 तास मिळतात. माणूस गेल्यावर घराचं काय, मांजराचं काय, हेही तुमचंच. 2014 च्या केअर ॲक्टनं मालमत्तेची काळजी कौन्सिलवर टाकलेली आहे. मी निघताना गॅस, नळ, खिडक्या स्वतः बघते आणि किल्ली कोणाकडे दिली ते लिहून ठेवते. वॉर्डवर पहिल्या दिवशी बहुतेक जण तेच विचारतात.

आणखी एक गोष्ट तुम्हाला छळेल, छळलीच पाहिजे. इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय लोकांना गोऱ्या लोकांच्या साधारण साडेतीन-चार पट जास्त प्रमाणात असं ताब्यात घेतलं जातं. रेफरलमध्ये 'आक्रमक' हा शब्द दिसला की मी विचारते: कोणी बघितलं, कधी, नेमकं काय केलं?

प्रशिक्षणाचं थोडक्यात: विद्यापीठातला पदव्युत्तर पातळीचा कोर्स, सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेची मान्यता असलेला, सोबत अनुभवी ॲम्पच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. ॲप्रूव्हल पाच वर्षांचं, आणि दरवर्षी 18 तास प्रशिक्षण घ्यावंच लागतं. केसलोड कमी करून देणार का आणि नाइट रोटा कधीपासून, हे मॅनेजरकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

होकार कळवण्याआधी ॲम्प टीमच्या लीडला विचारून तीन असेसमेंट नुसती बघायला जा. त्यांतलं एक रात्रीचं असू दे, आणि एक असं की ज्याच्या शेवटी ॲम्पनं अर्ज केला नाही. त्या तिसऱ्यानंतर ॲम्पला चहाला न्या आणि त्यानं रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते विचारा.