वाळवी लागलेले घर विकताना

गोव्यातील जुने चिऱ्यांचे, मंगळुरी कौलांचे घर पहिल्यांदाच विकायला काढत असाल, तर पोखरलेल्या लाकडावर रंग फासण्याचा मोह टाळा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आणि वाळवी तर लाकूड आतून खाऊन वरचा पापुद्रा तसाच ठेवते.

वासे भिंतीत शिरतात ती टोके आणि दारांच्या चौकटींचे पाय स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक सहज रुतले किंवा चिऱ्यांवरून मातीची बारीक नळी चढलेली दिसली, तर ती नळी फोडा. आत पांढुरके किडे वळवळत असतील, तर आधी घराच्या पायालगत भोके पाडून औषध सोडावे, मगच सुताराला बोलवावे. हा क्रम उलटू नये.

सगळे छप्पर नवे करण्याच्या फंदात मात्र पडू नका. माझ्या मते, सुताराकडून लेखी अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करणे अधिक परवडते. दोष, औषधोपचार आणि वजावट यांचा स्पष्ट उल्लेख विक्री करारात वकिलाकडून करून घ्या. (विवाहित असाल, तर इथल्या नागरी कायद्यामुळे जोडीदाराची सहीही लागेल, हे एव्हाना कोणीतरी सांगितले असेलच.)