अर्जातल्या दोन चुका : एकीसाठी लढा, दुसरी सोडून द्या

प्रश्न : राज्य शासनाच्या एका विभागाच्या गट 'क' सरळसेवा भरतीत मला १४८ गुण मिळाले. ओबीसी सर्वसाधारणची यादी १४४ गुणांवर, तर ओबीसी महिलांची १३६ गुणांवर थांबली. तरी कागदपत्र पडताळणीत मला अपात्र ठरवले. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचे आहे आणि अर्जातला क्रमांकही बरोबर आहे, पण तारखेत वर्ष एकाने मागचे पडले. शिवाय महिला आरक्षणाच्या रकान्यात 'नाही' असे गेले. अर्ज सायबर कॅफेत भरला होता. नियुक्तिपत्रे अजून निघालेली नाहीत. दोन्ही चुका दुरुस्त करून मिळतील का?

उत्तर : दोन्ही दुरुस्त करून मिळणार नाहीत, एकीसाठीच लढता येईल. पण तुम्हाला दोन्ही दुरुस्त करून घेण्याची गरजही नाही.

आधी महिला आरक्षणाचे पाहू. त्या रकान्यातले 'नाही' म्हणजे नुसती टंकनचूक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही तो दावा केलेलाच नाही. निकाल लागल्यावर, कट-ऑफ समजल्यावर नवा दावा करू दिला तर प्रत्येक उमेदवार सोयीचा प्रवर्ग निवडेल, म्हणून अशा मागणीला न्यायाधिकरणे सहसा दाद देत नाहीत. पण सर्वसाधारण जागा काही पुरुषांसाठी राखीव नसतात. त्या गुणवत्तेवर भरायच्या असतात आणि तुमचे गुण त्या यादीच्या शेवटच्या उमेदवारापेक्षा चारने जास्त आहेत. महिला आरक्षणाचा मुद्दा न्यायाधिकरणापुढच्या अर्जात घेतलात तर 'या बाईंना अर्जच बदलून हवा आहे' असे म्हणायला समोरच्या वकिलाला आयते निमित्त मिळेल. तो घेऊ नका.

लढायचे ते तारखेसाठी. चूक एका अंकाची आहे की चार अंकांची, यावर निर्णय ठरत नाही. शेवटच्या तारखेला तुम्ही खरोखर पात्र होतात का, आणि चुकीमुळे तुम्हाला एखादा लाभ मिळाला का, हे दोनच प्रश्न निर्णायक आहेत. तुमचे प्रमाणपत्र मुदतीआधीचे आहे आणि मागचे वर्ष लिहून तुमचा फायदा काहीच झाला नाही, उलट नुकसानच झाले. सर्वोच्च न्यायालयाने 'वशिष्ठ नारायण कुमार विरुद्ध बिहार राज्य' या २ जानेवारी २०२४ च्या निकालात हेच पाहिले. पोलीस शिपाई भरतीच्या त्या अर्जात जन्मतारीख १८ डिसेंबर १९९७ ऐवजी ८ डिसेंबर पडली होती, अर्जही सायबर कॅफेतूनच गेला होता. दोन्ही तारखांनी उमेदवार पात्रच होता. न्यायालयाने ती चूक क्षुल्लक मानून त्याला उत्तीर्ण धरायला सांगितले. तुमच्या अर्जाचा कणा हा निकाल असेल.

शासन काय म्हणेल तेही आत्ताच समजून घ्या. जाहिरातीत बहुधा 'अर्जातील माहितीत नंतर बदल करता येणार नाही' अशी अट असेल. 'दिव्या विरुद्ध भारत सरकार' (२०२३) हा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्राचा निकालही पुढे केला जाईल. त्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारांना दिलासा नाकारला. मात्र तिथे ठरलेल्या मुदतीत योग्य प्रमाणपत्रच हाती नव्हते. तुमच्याकडे होते, फक्त त्याची तारीख चुकीची लिहिली गेली. हा फरक अर्जाच्या पहिल्या दोन पानांतच ठळकपणे यायला हवा. दुरुस्तीसाठी लिंक उघडली गेली होती का, हेही विचारले जाईल. उघडली असेल आणि तुम्ही ती वापरली नसेल तर ते लपवू नका. कॅफेवाल्याची चूक ही सबब म्हणून चालणार नाही, कारण घोषणापत्र तुमचेच आहे. हेतू वाईट नव्हता, एवढे दाखवायला मात्र ती गोष्ट उपयोगी पडते.

आता या आठवड्यातली कामे. निवड समितीच्या अध्यक्षांना दोन पानांचे निवेदन द्या. मूळ प्रमाणपत्र, अर्जाची प्रिंट, शुल्काची पावती आणि अपात्रतेचा शेरा असलेली यादी जोडा, आवक शाखेतून शिक्क्यासह पोच घ्या. प्रमाणपत्र देणाऱ्या उपविभागीय अधिकारी कार्यालयाकडून 'अमुक क्रमांकाचे प्रमाणपत्र अमुक तारखेला दिले आहे' असे पत्र मिळवा. हा कागद सर्वांत मोलाचा, कारण मग खरी तारीख तुमच्या शब्दावर अवलंबून राहत नाही. अर्जातल्या तारखेशी जुळणारे प्रमाणपत्र 'करून देतो' म्हणणारे कोणी भेटले तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. आज तुम्ही अपात्र आहात, तसे केलेत तर भारतीय न्याय संहितेखाली आरोपी व्हाल. माहिती अधिकारात पडताळणी समितीचे टिपण मागा, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात. त्यासाठी थांबू नका.

ही राज्य शासनाची पदे असल्याने दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये मागायची, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम १९८५ च्या कलम १९ खाली मूळ अर्ज करायचा. कलम २१ प्रमाणे मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदनावर सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. निवेदनांमागून निवेदने देत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. अनेकांची प्रकरणे इथेच बुडतात. कलम २० आधी खात्याकडे दाद मागायला सांगते, पण त्यातला शब्द 'सर्वसाधारणपणे' असा आहे. नियुक्त्या तोंडावर असतील तर निवेदन देऊन सात-आठ दिवसांत मॅटमध्ये जाता येते.

तुमच्या बाबतीत वर्षाचा हिशेब कागदावरच राहतो, खरी मुदत नियुक्तिपत्रे निघेपर्यंतचीच आहे. म्हणून अंतरिम मागणी नेमकी ठेवा : ओबीसी सर्वसाधारणची एक जागा अंतिम निकालापर्यंत रिक्त ठेवावी. संपूर्ण भरतीला स्थगिती मागू नका. ती मिळणे कठीण, आणि शेकडो निवडलेले उमेदवार तुमच्या विरोधात उभे राहतील.

आणखी एक गोष्ट बहुतेक अर्जांत राहून जाते. तुमची निवड झाली तर ज्याची जागा जाईल, त्या १४४ गुणांच्या उमेदवाराला प्रतिवादी करा. 'ममता बिश्त' प्रकरणात (२०१०) अशा उमेदवाराला पक्षकार केले नव्हते, आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमकी ती त्रुटी धरली. त्याचे नाव निवड यादीत असेल. पत्ता मिळाला नाही तर निवड समितीमार्फत नोटीस बजावण्याची परवानगी अर्जातच मागा.