लोकेशन वापरणाऱ्या ॲप्समध्ये अजून काय उणे आहे? अचूकतेसाठी नवा फोन घ्यावा का?

माझ्या मते सर्वांत मोठी उणीव ही की, स्वतःला खात्री नसताना ही ॲप्स तसे कबूल करत नाहीत.

आईला रात्री धाप लागली तेव्हा मी ॲपवरून रुग्णवाहिका मागवली. आमची इमारत उंच इमारतींच्या मध्ये आहे; अशा जागी उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने फोनपर्यंत येतात आणि अंतराचे गणित बिघडते. ॲपने पिन मागच्या गल्लीत टोचली, जिथे नुसती सलग कुंपणभिंत आहे. चालक म्हणत होता, "दादा, मी लोकेशनवरच उभा आहे," आणि त्याचे काहीच चुकत नव्हते. अखेर धाकटा भाऊ धावत गल्लीत गेला आणि गाडीत बसून त्याने तिला वळसा घालून फाटकाशी आणले. आई आता बरी आहे, पण तो उशीर मी विसरू शकत नाही.

कारण त्याच वेळी फोनच्या नकाशात निळ्या ठिपक्याभोवती मोठे फिकट वर्तुळ दिसत होते. अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रणाली प्रत्येक स्थानासोबत संभाव्य चूक किती मीटरची आहे तेही ॲपला कळवतात. अँड्रॉइडच्या व्याख्येप्रमाणे खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के असते. हा आकडा हाती असूनही ॲपने ठाम पिन दाखवली. ॲप्स बनवणारा माझा एक मित्र वर्षानुवर्षे सांगतो की वर्तुळ दाखवले तर लोक गोंधळतात. मग दाखवू नका, पण वर्तुळ मोठे असेल तेव्हा "फाटक कोणत्या रस्त्यावर आहे, मजला कितवा?" एवढे तरी विचारा! भिंतीपाशी उभ्या असलेल्या चालकाचा गोंधळ माझ्या मित्राच्या हिशेबात कधी आलाच नाही.

मजल्याचीही तीच गत. कित्येक फोनमध्ये वायुदाब मोजणारा सेन्सर असतो आणि एका मजल्याइतके वर गेल्यावर घटणारा दाब त्याला जाणवतो. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २०१९ मध्ये आपत्कालीन कॉलसाठी उंचीच्या अचूकतेची मर्यादा ३ मीटर ठरवली, ती मजला ओळखता यावा म्हणूनच. रोजच्या वापरातली बहुतेक ॲप्स मात्र अजून सपाट नकाशावरच जगतात.

नव्या फोनविषयी म्हणाल, तर उपग्रहांच्या एल१ या नेहमीच्या वारंवारतेसोबत एल५ ही दुसरी वारंवारताही पकडणारा फोन, जो २०१८ पासून बाजारात मिळू लागला, परावर्तित संकेत अधिक चांगले वेगळे काढतो, त्यामुळे उंच इमारतींच्या रस्त्यांवर फरक पडतो. घराच्या आत फार अपेक्षा ठेवू नका, आणि फाटक कुठे आहे हे तोही सांगणार नाही. खर्च करण्याआधी त्या ॲपला अचूक स्थानाची परवानगी दिली आहे ना, तेही पाहा. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून केवळ अंदाजे स्थान देण्याची सोय आहे, आणि ती निवडलेली असेल तर महागडा फोनही ॲपला अंदाजच देईल.