आई पाय दाखवतच नाही

"मॅडम, मी आईवर इतकी ओरडते की शेजारच्या काकू टीव्हीचा आवाज वाढवतात. आणि मग रात्री ती झोपली की तिच्या पायाकडे बघून मीच रडत बसते."

गेल्या जुलैत, दादरला माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आलेल्या एका बाईंचं हे वाक्य. आई, वडील, सासूबाई, कोणाचं तरी दुखणं असतं आणि तक्रार एकच असते: ऐकतच नाहीत. या मायलेकींच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी शेहेचाळीस वर्षांची, अंधेरीला नोकरी. आई एकाहत्तर वर्षांची, मधुमेह वीस वर्षांचा. परळच्या जुन्या चाळीतली 160 चौरस फुटांची खोली, मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. भाऊ विरारला, फोनवर "लक्ष दे गं" म्हणणारा.

मेच्या शेवटी मुलीला चादरीवर पिवळट-लाल डाग दिसला. आईच्या उजव्या पायाला जुन्या साडीची पट्टी, आत हळद, आणि अंगठ्याखालच्या उंचवट्यावर रुपयाएवढी चिघळलेली जखम. तिथे घट्टा झाला होता आणि आईने तो ब्लेडने कापला होता. त्याला तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे दोघी एकाच खोलीत झोपत होत्या आणि मुलीला पत्ता नव्हता. रुग्णालयात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 10.4 टक्के, म्हणजे खूपच चढलेली निघाली. एक्स-रेत हाड शाबूत होतं, हे नशीब. डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली, इन्सुलिन सुरू केलं, एक दिवसाआड ड्रेसिंग सांगितलं आणि बजावलं की त्या पायावर भार नको.

त्या दिवसापासून मुलगी पहारेकरी झाली. ऑफिसातून चार फोन. काय खाल्लंस, साखर किती, पुन्हा अनवाणी चाललीस ना? आई "होय, होय" म्हणायची. उशीखाली मिश्रीची डबी सापडली तेव्हा मुलीने ती गॅलरीतून खाली भिरकावली. दुसऱ्या दिवशी आईने नवीन आणवली.

पहिली दोन सत्रं मी मुलीच्या रागावरच काम केलं. आईला आधी भेटायला हवं होतं, असं आज वाटतं. तिसऱ्या वेळी आई आल्या (मी त्यांना मावशी म्हणते), टॅक्सीने, पाऊस नसलेल्या दिवशी. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून असा पाय घेऊन कोणी चालू नये, एवढं तरी दोघींना पटलं होतं.

मी विचारलं, "मावशी, जखम झाली तेव्हा लेकीला का नाही सांगितलंत?"

"दुखणा नाय मा, मग सांगू कित्याक?"

या प्रश्नापाशी मी थांबते, कारण घरोघरी भांडण इथेच पेटतं. मुलीला वाटतं, एवढी मोठी जखम आणि ही म्हणते दुखत नाही, म्हणजे सरळ खोटं बोलते. मावशी खोटं बोलत नव्हत्या. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या, रात्री आग, मग काहीच नाही. डॉक्टर नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून तपासतात. तो वाकेपर्यंत दाबला तरी मावशींना स्पर्श कळत नव्हता. तुमच्या-माझ्या चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबतो. त्यांच्या चपलेत तो दिवसभर राहू शकतो. शिवाय साखरेने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, तंबाखू त्यात भर घालते आणि जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही. दुखत नाही ही मधुमेही पायाच्या बाबतीत धोक्याची खूण आहे. मुलीने हे डॉक्टरांकडून ऐकलं होतं, पण आईचं वागणं तिने त्याच्याशी जोडून पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर ती हळूच म्हणाली, "म्हणजे तिला खरंच कळलं नाही?"

अर्धी गोष्ट ती होती. उरलेली अर्धी मावशींनी चहा अर्धा झाल्यावर सांगितली. त्यांच्या थोरल्या भावाचाही असाच पाय. आधी अंगठा कापला, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याखाली. "तिसऱ्या खेपेक घराक इलोच नाय." जखम दाखवली की डॉक्टर कापणार, हा त्यांचा तिथून आलेला हिशेब. मुलगी घरात रोज काय म्हणत होती? "असंच करत राहिलीस तर पाय कापतील!" तिला वाटायचं, धाक दाखवला की आई सांभाळेल. त्या धाकानेच आई पाय पदराखाली ओढून घेत होती.

जवळजवळ सगळ्या घरांत हेच चालतं, आणि ते प्रेमापोटीच चालतं, म्हणून सांगताना माझाही जीव जड होतो. आपण भीती घालतो. घाबरलेलं माणूस लपवतं. लपवलेली जखम वाढते. भावाचा पाय लवकर दाखवल्यामुळे गेला नव्हता, उशीर झाल्यामुळे गेला होता. हे वाक्य मी मुलीला बोलू दिलं नाही. पुढच्या ड्रेसिंगच्या वेळी मावशींनी ते डॉक्टरांना स्वतः विचारावं असं ठरलं. त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी दोन मिनिटं काढून उत्तर दिलं, आणि त्या दोन मिनिटांनी माझ्या दोन सत्रांचं काम केलं.

मग आम्ही मावशींना विचारलं की त्यांना काय हवंय. साखर, पथ्य ही यादी त्यांची नव्हतीच. गणपतीला गावी, कणकवलीकडे, जायचं होतं. उघड्या जखमेवर डॉक्टर नाही म्हणाले. त्या खूप रडल्या. मुलगी समजूत घालायला लागली तेव्हा मी तिला खुणेने थांबवलं. चाकरमान्याच्या घरात गणपती चुकणं म्हणजे काय हे तिलाही माहीत होतं. शेवटी मावशीच म्हणाल्या, "मगे शिमग्याक जातंय."

त्यानंतर खरी झुंज भार न देण्याशी होती. "पायावर भार देऊ नका" हे सांगायला तीन सेकंद लागतात. चाळीत संडास बावीस पावलांवर, मध्ये उंबरठा, ओली फरशी. रात्री दोन खेपा. मुलीने मोरीत ठेवायला कमोडची खुर्ची आणली. मावशींनी तिला हात लावला नाही. मोरीच्या भिंतीवर, हात पोचेल एवढ्या अंतरावर देव्हारा होता. मुलगी मला म्हणाली, "पाय जायची वेळ आलीय आणि हिला देवाचं पडलंय." मी तिला म्हटलं, आयुष्यभर ज्या बाईने आंघोळीशिवाय त्या देव्हाऱ्याला हात लावला नाही, तिच्याकडून आपण काय मागतोय ते एकदा तिच्या जागी उभं राहून बघ. रविवारी विरारच्या भावाने येऊन समोरच्या भिंतीवर उंच फळी ठोकली, देव तिकडे गेले, मोरीला पडदा लागला. खुर्ची रात्रीपुरती, आणि ती धुण्याचं काम कोणाचं, हेही आधीच बोलून घेतलं. न बोलता राहिलेलं असं काम मुलीच्याच अंगावर येतं.

घरातल्या चपलेचंही तेच. मावशी घरात अनवाणी. पुढच्या भागावर भार न येणारी खास चप्पल डॉक्टरांनी दिलेली, ती दाराबाहेर. देव फळीवर गेल्यावर ती चप्पल आत आली.

चार फोन बंद झाले. त्याऐवजी रात्री साडेनऊला दोघी मिळून पाय बघायच्या. मावशींच्या हातात आरसा, मुलीकडे मोबाईलचा उजेड. आधी मावशी बोलणार: आज काय दिसतंय? बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा, दोन्ही पायांचे. ब्लेड नाही, कॉर्नपट्टी नाही, गरम पाण्यात पाय नाही, कारण न कळणाऱ्या पायाला चटकाही कळत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात फक्त एवढं लिहून चिकटवलं होतं: ताप, लाली पसरणं, सूज, वास, काळसर रंग, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. मिश्री सुटली नाही. चार वेळची एक वेळ झाली, तीही मुलीने विचारणं सोडल्यावर.

मुलीचं काय, हेही सांगायला हवं. तिला वाटायचं, जखम आपल्या दुर्लक्षामुळे झाली. भावाने शनिवारचं ड्रेसिंग घेतलं आणि सप्टेंबरात एका शनिवारी ती नुसती दादर चौपाटीवर जाऊन बसून आली, तेव्हा पहिल्यांदा मला तिच्या आवाजात हवा लागल्यासारखी वाटली. फार दाटून आलं तर रात्री-अपरात्री 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत नंबर आहे, तो मी तिला पहिल्याच दिवशी दिला होता. सेवा करणाऱ्यानेही तो वापरायचा असतो.

जखम दिवाळीनंतर भरली. भरलेली जखम दहांपैकी चार जणांना वर्षभरात पुन्हा होते, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. म्हणून आरसा सुटला नाही. एमसीआरची, म्हणजे मधुमेही पायांसाठीच्या खास रबराची, मऊ चप्पल आली, आणि पांढरे मोजे, कारण पांढऱ्यावर डाग लपत नाही.

शिमग्याला मावशी गेल्या. मुलीला सुट्टी नव्हती, भावाने नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंधेरीच्या गाडीत, उभ्या गर्दीत, मुलीचा फोन वाजला. तिने मला नंतर तो संवाद जसाच्या तसा सांगितला.

"मोज्याक डाग लागलो हा. आजच लागलो. दुखणा नाय, पण सांगूक होया म्हणान फोन केलंय."