जवळचं शेत जड, लांबचं उपाशी
वाचकांचे प्रश्न : शेणखत, माती आणि पाणी

प्रश्न : ताई, आमच्याकडे लहानमोठी २२ जनावरं आहेत. गोठ्याला लागून २ हेक्टरचं शेत आहे आणि त्याहून मोठं शेत लांब आहे. दोन्हींची माती तपासून घेतली. ऑल्सेन पद्धतीने (पिकाला मिळू शकणारा फॉस्फरस मोजायची एक रीत) फॉस्फरस जवळच्या शेतात किलोमागे ७८ मिलिग्रॅम निघाला, लांबच्यात ९. जवळच्या शेतात वीस वर्षांत रासायनिक खताचं एक पोतंही फोडलेलं नाही, फक्त शेणखत घातलं. मग हा फॉस्फरस आला कुठून? वर्षाला साधारण ३० टन पशुखाद्य विकत घेतो आणि ६०,००० लिटर दूध घालतो.

उत्तर : तुमचं उत्तर शेवटच्या वाक्यात आहे. ते न विचारता लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. बहुतेक जण मातीचा अहवाल पाठवतात आणि खाद्याचा आकडा विसरतात.

मी २६ वर्षं माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा चालवली. एकाच घरातून आलेल्या दोन पिशव्यांमध्ये हे असे दोन आकडे मी इतक्यांदा पाहिलेत की गोठ्याजवळची पिशवी कोणती हे चिठ्ठी न वाचता सांगता यायचं. आमच्या घरीही तेच होतं. वडील म्हणायचे, बैल थकतील तिथवर शेण जातं. पुढे बैल जाऊन ट्रॅक्टर आला, तरी ट्रॉली पहिल्याच बांधाशी रिकामी व्हायची.

आता हिशेब मांडू. पशुखाद्यात फॉस्फरस टनामागे ६ किलो धरा. ३० टनांतून १८० किलो तुमच्या फाटकातून आत आला. हजार लिटर दुधातून साधारण १ किलो फॉस्फरस बाहेर जातो, म्हणजे तुमच्या दुधातून ६० किलो गेला. दरवर्षी १२० किलो आतच राहिला. थोडा वासरांच्या हाडांत गेला, बाकीचा शेणात. ते सगळं शेण २ हेक्टरांत पडलं तर हेक्टरी ६० किलोंच्या आसपास होतं. चांगलं धान्यपीक फार तर २० ते २५ किलो उचलतं. असं वीस वर्षं चाललं. पोतं फोडलं नाहीत हे खरं, पण खाद्याच्या प्रत्येक पोत्यातून खत येतच होतं.

(पोत्यावरचं ‘स्फुरद’ आणि अहवालातला ‘फॉस्फरस’ एक नव्हे. पोत्यावरचा आकडा फॉस्फरसच्या ऑक्साइडचा असतो. फॉस्फरसला २.२९ ने गुणलं की स्फुरद येतं. या एका गोंधळातून झालेल्या चुका मी फार निस्तरल्या आहेत. तसंच आम्लधर्मी मातीसाठी ब्रे पद्धत वापरतात. तिचा आकडा ऑल्सेनच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका.)

दुसरं कारण शेणखताच्या घडणीतच आहे. समजा टनभर शेणखतात नत्र ६ किलो आणि स्फुरद ३ किलो आहे. नत्रातला जेमतेम पाव हिस्सा, म्हणजे दीड किलो, पहिल्या वर्षी पिकाच्या हाती लागतो. पिकाला १२० किलो नत्र हवं आणि ते सगळं शेणखतातूनच द्यायचं म्हटलं, तर हेक्टरी ८० टन घालावं लागेल. त्याबरोबर स्फुरद पडेल २४० किलो आणि पीक नेईल ५० ते ६०. शेणखतातलं नत्र हवेत उडतं, पाण्याबरोबर झिरपतं. स्फुरद मातीच्या कणांना धरून बसतं. म्हणून नत्राच्या मापाने शेणखत घालणाऱ्याच्या शेतात स्फुरद साठत जातं.

ते किती टिकतं? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हूसफील्ड नावाचं शेत आहे. तिथे सातूच्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत घातलं आणि मग कायमचं थांबवलं. शंभर वर्षं उलटल्यावरही तिथलं पीक कधीच खत न मिळालेल्या तुकड्यापेक्षा सरस होतं. मी हे विद्यार्थिदशेत पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेणखताबद्दलचा आदर दुणावला. प्रयोगशाळेत आल्यावर त्याच गोष्टीची दुसरी बाजू कळली: जादा पडलेलं परत घेता येत नाही.

जादा स्फुरदाने पीक जळत नाही, म्हणून कुणाला त्याची निकड वाटत नाही. पण पावसाने माती वाहिली की ते ओढ्यात उतरतं, आणि माती फार भरलेली असेल तर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात विरघळूनही जातं. कॅनडातल्या २२६ क्रमांकाच्या तलावात १९७३ साली मधोमध पडदा लावून दोन भाग केले होते. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र टाकलं, फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. वरून काढलेल्या छायाचित्रात पडद्याची रेघ स्पष्ट दिसते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत ईरी सरोवरातल्या शेवाळाच्या विषामुळे टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. तिथे आलेल्या फॉस्फरसचा मोठा वाटा शेतांतून वाहून आलेला आहे.

तेव्हा शेणखताने नुकसान होतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या लांबच्या शेताला त्याची भूक आहे. जवळच्या शेतात पुढची काही वर्षं शेणखत अजिबात नको. तिथे कडधान्य घ्या किंवा नुसतं नत्र बाहेरून द्या, आणि कापलेला चारा उचलून न्या, म्हणजे साठा हळूहळू उतरेल. तीन वर्षांनी पुन्हा माती तपासा. लांबच्या शेतात हेक्टरी १८ ते २० टन घाला. तेवढ्याने पिकाची स्फुरदाची उचल भरून निघते आणि माती थोडी सुधारते. उरलेलं नत्र दुसरीकडून भागवा.

कागदावर एक नकाशा काढा, हाताने काढलेला चालेल. त्यात प्रत्येक तुकडा, त्याचा उतार, ओढा, विहीर आणि फॉस्फरसचा आकडा लिहा. शेण कुठे जायचं हे त्या नकाशावरून ठरवा. ट्रॉली हाकणाऱ्यावर सोडलंत तर ते पुन्हा पहिल्याच बांधाशी पडेल.

आणि खाद्य तपासा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ साली दुभत्या गाईंसाठी फॉस्फरस एकूण आहाराच्या शुष्क वजनाच्या (पाणी वगळून) साधारण ०.३२ ते ०.३८ टक्के पुरे असं सांगितलं. प्रत्यक्षात सवयीने याहून जास्त दिला जातो, वर खनिज मिश्रणही. गाय जादा फॉस्फरस दुधात घालत नाही, शेणात टाकते. पशुवैद्यांना विचारूनच कमी करा, पण विचारा नक्की. शेणाची योजना गव्हाणीपासून सुरू होते, हे मला फार उशिरा कळलं.

प्रश्न : हेक्टरी २० टन म्हणजे किती, हे डोळ्यांनी कसं ओळखायचं? आम्ही ट्रॉल्या मोजतो.

उत्तर : डोळ्यांवर जाऊ नका. ३ बाय ३ मीटरचं प्लॅस्टिक शेतात अंथरा, नेहमीसारखं खत पसरा आणि प्लॅस्टिकवर पडलेलं वजन करा. ९ चौरस मीटरवर १८ किलो पडलं, म्हणजे चौरस मीटरला २ किलो. त्याला १० ने गुणा: हेक्टरी २० टन. तीन जागी करून सरासरी काढा. आमच्या घरी मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वीस टन घालतोय असं भाऊ छातीठोकपणे सांगत होता. निघाले ४६.

प्रश्न : उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. पाण्याला वास नाही, रंग नाही. तरी हलवायला हवा का?

उत्तर : हो. आणि वाट न पाहता.

शेणातल्या नत्राचं नायट्रेट होतं आणि ते झिरपून विहिरीत उतरतं. नायट्रेटला वास, रंग, चव काहीच नसतं. आमच्या विहिरीचं पाणी मी नोकरीच्या चौथ्या वर्षी सहज म्हणून तपासलं. लिटरला ८४ मिलिग्रॅम नायट्रेट निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५० आहे. मी यंत्र पुन्हा जुळवलं, पुन्हा तपासलं. तेच. त्या वर्षी घरात तीन महिन्यांचं बाळ होतं, आणि बाटलीच्या दुधाला तेच पाणी उकळून वापरत होतो. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते वाढतं. अशा पाण्याने तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि अंग निळं पडतं, हे १९४५ पासून वैद्यकात नोंदलेलं आहे. आमच्या बाळाला काही झालं नाही. तो आता मोठा माणूस आहे. पण त्या रात्री मी झोपले नव्हते.

उकिरडा विहिरीपासून १२ मीटरवर, चढावर होता. तो हलवला, तरी आकडा ५० च्या खाली यायला सहा वर्षं लागली. जमिनीत उतरलेलं आपल्या सवडीने बाहेर येतं.

इंग्लंडच्या नियमात शेणखत विहीर-झऱ्यापासून ५० मीटर आणि ओढ्यापासून १० मीटर दूर ठेवायला सांगतात. निदान तेवढं तरी पाळा, आणि जागा विहिरीच्या खालच्या अंगाला निवडा. खाली फरशी किंवा चांगली ठोकलेली चिकणमाती हवी. गोठ्याच्या छपराचं पाणी पन्हळीने वेगळं काढा. १०० चौरस मीटर छपरावर १० सेंटिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर स्वच्छ पाणी होतं. ते अंगणातल्या शेणात मिसळलं की १०,००० लिटर घाण पाणी. पन्हळीसारखं स्वस्त काम सोडून लोक मोठी टाकी बांधायला निघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : स्लरी (शेण, मूत्र आणि पाण्याचा पातळ काला) कधी टाकावी? शेजारी म्हणतात, पावसाआधी टाका, म्हणजे मुरते.

उत्तर : रिमझिम असेल तर मुरते. जोराचा पाऊस असेल तर ओढ्यात जाते. पुढच्या दोन दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल, जमीन चिंब असेल किंवा गोठलेली असेल, तर थांबा. थांबता यावं म्हणून साठवणीला जागा हवी. टाकी भरली म्हणून भर पावसात स्लरी ओतणारा माणूस निष्काळजी असतोच असं नाही. बहुतेकदा त्याची टाकी लहान असते.

टाकल्यावर त्याच दिवशी, जमल्यास त्याच तासाभरात, मातीत मिसळा. नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचा, म्हणजे तुमच्याच नत्राचा, आणि तो पहिल्या काही तासांत सर्वाधिक उडतो. वारा आणि कडक ऊन असलेली दुपार टाळा. पीक वाढीला लागण्याच्या जितकं जवळ टाकाल तितकं बरं; रिकाम्या रानात महिनोन्‌महिने आधी टाकलेलं नत्र मुळं येईपर्यंत खाली गेलेलं असतं. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशात शेणखतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची मर्यादा आहे. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न : स्लरीच्या बंद टाकीच्या तळाशी गाळ बसलाय. मुलगा म्हणतो, उतरून काढतो, दहा मिनिटांचं काम आहे.

उत्तर : उतरू देऊ नका. दहा मिनिटं काय, एका श्वासापुरतंही नाही.

त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो दशलक्ष भागांत शंभराच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. त्याहून खूप वाढला तर काही श्वासांत शुद्ध हरपते. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. अशा टाकीत एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एकाच घरातली माणसं जातात. गाळ वरून पंपाने काढा. ढवळताना जनावरं आणि माणसं गोठ्याबाहेर ठेवा. उतरणं टळतच नसेल तर स्वतंत्र हवेचं श्वसनयंत्र, दोर आणि प्रशिक्षित माणसं असलेल्यांनाच बोलवा. पत्र छापून येईपर्यंत थांबणं बरं वाटेना, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. इथे छापतेय ते इतरांसाठी.

प्रश्न : चांगलं कुजलेलं शेणखत घालूनही टोमॅटो आणि घेवड्याची नवी पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले. शेजारच्या मक्याला काही नाही. रोग कोणता?

उत्तर : मक्याला काही नाही, हाच धागा. मला तणनाशकाची शंका येते. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड ही रुंद पानांच्या तणांवर गवताळ रानात मारतात. ती गाईच्या पोटातून जशीच्या तशी शेणात उतरतात आणि खत कुजवतानाही लवकर मोडत नाहीत. गवतवर्गातल्या पिकांना ती बाधत नाहीत. टोमॅटो, घेवडा, बटाटा यांना अगदी थोडीही पुरतात. चारा विकत घेतला असेल तर देणाऱ्याला विचारा, रानात काय मारलं होतं.

राहिलेल्या खताची परीक्षा घरीच करा. तीन कुंड्यांत खत आणि साधी माती मिसळून भरा, तीन कुंड्यांत नुसती माती. सगळ्यांत घेवडा पेरा आणि बश्या वेगवेगळ्या ठेवा, एकीचं पाणी दुसरीत जायला नको. तीन-चार आठवडे पाहा. खताच्या कुंड्यांतलीच पानं वळली तर ते खत मका किंवा गवताला घाला, भाजीला नको. वाफ्यातली माती अधूनमधून हलवत राहा. ही औषधं अखेर मातीतले जिवाणूच मोडतात. पुढच्या हंगामात तिथे टोमॅटो लावण्याआधी त्या मातीतही घेवड्याचे चार दाणे टाकून बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा.